जीवनमार्गदर्शन व मानसोपचार

संभाषणाच्या माध्यमातून व्यक्तीच्या विचारांत, भावनांत व वर्तनात इष्ट बदल घडवून आणण्याच्या दोन व्यवसायपद्धती. मानसिक विकाराने अथवा तीव्र मनःक्लेशाने पीडित असलेल्या व्यक्तीवर प्रशिक्षित तज्ज्ञाने मानसशास्त्रीय तत्त्वांच्या आधारे केलेला उपचार म्हणजे मानसोपचार होय. सर्वसाधारणपणे निरोगी असलेल्या व्यक्तीला आपली उद्दिष्टे निश्चित करण्यास, ती गाठण्याचा मार्ग आखण्यास व त्या मार्गावर टिकून राहण्यास नियमित भेटींतून केलेले साहाय्य म्हणजे जीवनमार्गदर्शन होय. ‘लाइफ कोचिंग’ ह्या इंग्रजी नावानेही ते ओळखले जाते. दोहोंचे बाह्य स्वरूप बरेचसे सारखे असते : समोरासमोर बसलेल्या दोन व्यक्ती, ठराविक वेळ, ठराविक शुल्क व गोपनीयतेचे आश्वासन. ह्या साम्यामुळे त्यांच्यातील भेद सर्वसामान्यांच्या ध्यानात सहसा येत नाही. तथापि हा भेद केवळ शब्दांचा नाही. साहाय्य मागणाऱ्या व्यक्तीला विकार जडला आहे किंवा नाही हे कोणी ओळखावयाचे आणि त्यात चूक झाल्यास उत्तरदायित्व कोणाचे, हे प्रश्न त्याच्याशी निगडित आहेत.

संज्ञा : ‘कोच’ हा शब्द हंगेरीतील कोच ह्या गावी तयार होणाऱ्या घोडागाडीच्या नावावरून युरोपीय भाषांत आला. १८३० च्या सुमारास ऑक्सफर्ड विद्यापीठातील विद्यार्थी, परीक्षेच्या पार नेणाऱ्या खाजगी शिक्षकाला विनोदाने ह्या नावाने संबोधू लागले व पुढे ते क्रीडाशिक्षकाला रूढ झाले. इच्छित स्थळी नेऊन पोहोचविणे, ही मूळ कल्पना आजच्या अर्थातही टिकून आहे. मराठीतील ‘मार्गदर्शन’ ह्या शब्दातून उपदेशाचा अर्थ सूचित होतो. परंतु जीवनमार्गदर्शनाच्या प्रमुख पंथांत आयता सल्ला देणे अप्रशस्त मानतात आणि प्रश्नांच्या साहाय्याने व्यक्तीकडूनच उत्तर काढून घेण्यावर भर देतात. समुपदेशन ही ह्या दोहोंच्या मधली संज्ञा होय. अभ्यास, विवाह, आप्तवियोग इ. प्रसंगी उद्भवणाऱ्या अडचणींत ते केले जाते आणि प्रशिक्षण व पद्धती ह्यांच्या दृष्टीने ते मानसोपचाराला अधिक जवळचे आहे. मानसोपचार करणाऱ्यांतही दोन प्रमुख वर्ग आहेत. मनोविकारतज्ज्ञ हा वैद्यकशास्त्राचा पदवीधर असून त्याला औषधे देण्याचा अधिकार असतो. चिकित्सा-मानसशास्त्रज्ञ हा मानसशास्त्राचा पदव्युत्तर पदवीधर असून तो मानसशास्त्रीय चाचण्या व संभाषणात्मक उपचार करतो.

मानसोपचाराचा विकास : आधुनिक मानसोपचाराचा उगम वैद्यकात झाला. व्हिएन्नातील वैद्य जोझेफ ब्रॉइअर (१८४२–१९२५) व सिग्मंड फ्रॉइड (१८५६–१९३९) ह्यांनी १८९५ मध्ये उन्मादविषयक आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. ‘आना ओ.’ ह्या टोपणनावाने त्यात वर्णिलेल्या रुग्णेने ह्या पद्धतीला ‘बोलण्याचा उपचार’ असे सार्थ नाव दिले होते. फ्रॉइडने पुढे मनोविश्लेषणाची प्रणाली उभारली. तीत अबोध मनातील संघर्ष व बालपणातील अनुभव ह्यांना मध्यवर्ती स्थान असून, आठवड्यातून चार-पाच बैठकी वर्षानुवर्षे चालत. कार्ल रॉजर्झ (१९०२–८७) ह्याने १९४० नंतर व्यक्तिकेंद्रित उपचारपद्धती मांडली. स्वीकार, सहानुभव व प्रामाणिकपणा हे उपचारकाचे गुणच बदलाला कारणीभूत होतात, असे त्याचे प्रतिपादन होते. जोसेफ वोल्पी (१९१५–९७) ह्याने भयगंडावर वर्तनोपचार सिद्ध केले. ॲल्बर्ट एलिस (१९१३–२००७) ह्याने १९५५ पासून विवेकनिष्ठ उपचारपद्धती विकसित केली, तर आरन बेक (१९२१–२०२१) ह्याने १९६० च्या दशकात नैराश्यावरील बोधात्मक उपचारपद्धतीचा पाया घातला. ह्या नंतरच्या पद्धतींमुळे उपचारांचा कालावधी पुष्कळ कमी झाला. बोधात्मक वर्तनोपचार हे बहुधा १२ ते २० बैठकींत पूर्ण होतात.

जीवनमार्गदर्शनाचा विकास : जीवनमार्गदर्शनाचा उगम क्रीडाक्षेत्र, उद्योगव्यवस्थापन व अमेरिकेतील आत्मविकासाच्या चळवळी ह्यांत आढळतो. अमेरिकन टेनिस-शिक्षक टिमथी गॅल्वे (१९३८–     ) ह्याच्या १९७४ मधील द इनर गेम ऑफ टेनिस ह्या पुस्तकात, खेळाडूचा खरा प्रतिस्पर्धी त्याच्या स्वतःच्या मनात असतो, हा विचार मांडलेला आहे. ब्रिटिश मोटारशर्यतपटू जॉन व्हिटमोर (१९३७–२०१७) ह्याने तो उद्योगसंस्थांत नेला आणि १९९२ मध्ये कोचिंग फॉर परफॉर्मन्स हे पुस्तक लिहिले. उद्दिष्ट, वस्तुस्थिती, पर्याय व निश्चय ह्या चार पायऱ्यांचा, इंग्रजी आद्याक्षरांवरून ‘ग्रो’ म्हणून ओळखला जाणारा आराखडा ह्याच पुस्तकामुळे सर्वत्र पसरला. अमेरिकेत आर्थिक नियोजनाच्या व्यवसायात असलेल्या टॉमस लेनर्ड (१९५५–२००३) ह्याने १९९२ मध्ये मार्गदर्शकांसाठी प्रशिक्षणसंस्था सुरू केली व १९९५ मध्ये इंटरनॅशनल कोच फेडरेशन ही संघटना स्थापन केली. २०२० मध्ये तिच्या नावातील ‘कोच’ च्या जागी ‘कोचिंग’ हा शब्द आला. मार्टिन सेलिग्मन (१९४२–     ) ह्याने १९९८ पासून पुरस्कारिलेल्या सकारात्मक मानसशास्त्राने ह्या व्यवसायाला काही प्रमाणात शास्त्रीय परिभाषा पुरविली. सिडनी विद्यापीठात २००० मध्ये मार्गदर्शनाच्या मानसशास्त्राचा स्वतंत्र विभाग निघाल्यावर त्यात पद्धतशीर संशोधनही होऊ लागले.

समान वारसा : जीवनमार्गदर्शनात वापरली जाणारी बहुतेक तंत्रे मानसोपचारातूनच आलेली आहेत. लक्षपूर्वक ऐकण्याची व व्यक्तीचे म्हणणे तिच्यापुढे पुन्हा मांडण्याची रीत रॉजर्झची. अविवेकी समजुतींना आव्हान देण्याची रीत एलिस व बेक ह्यांची. मानवी वर्तन हे ध्येयोन्मुख असते, हा विचार ॲल्फ्रेड ॲड्लर (१८७०–१९३७) ह्याचा. अडचणींच्या कारणांपेक्षा त्यांवरील तोडग्यांकडे लक्ष वेधणारी स्टीव्ह द शेझर (१९४०–२००५) व इन्सू किम बर्ग (१९३४–२००७) ह्यांची पद्धतीही मूलतः कुटुंबोपचाराच्या क्षेत्रात जन्मली. त्यामुळे केवळ बैठकीतील संभाषण ऐकून हा मानसोपचार की जीवनमार्गदर्शन, हे सांगणे अनेकदा कठीण असते.

भेदाचा प्रचलित निकष : ‘मानसोपचार भूतकाळाकडे पाहतो आणि जीवनमार्गदर्शन भविष्याकडे’, असे एक सूत्र फार प्रचलित आहे. मनोविश्लेषणापुरते ते काहीसे खरे असले, तरी वर्तनोपचार व बोधात्मक उपचार हे मुख्यतः वर्तमानातील विचार व सवयी ह्यांवरच केंद्रित असतात. त्यांत उद्दिष्टे ठरविली जातात व घरी करावयाचा अभ्यासही दिला जातो. मानसोपचार ‘का’ विचारतो आणि जीवनमार्गदर्शन ‘कसे’ विचारते, हा निकषही ह्याच कारणाने अपुरा पडतो. तंत्रे सारखी असली, तरी ती कोणासाठी, कोणत्या प्रयोजनाने व कोणत्या जबाबदारीने वापरली जातात, ह्यांवर खरा भेद आधारलेला आहे.

प्रयोजन व निदान : मानसोपचाराचा आरंभ मूल्यमापनाने होतो. तक्रार केव्हा सुरू झाली, झोप, भूक व कामकाज ह्यांवर तिचा काय परिणाम झाला, घराण्यात मनोविकाराचा इतिहास आहे काय, व्यसन आहे काय, आत्महत्येचे विचार येतात काय, इ. बाबींची विचारणा केली जाते. शारीरिक कारणांचाही शोध घ्यावा लागतो, उदा., अवटू ग्रंथीचा स्राव कमी पडल्यास मरगळ, मंदपणा व खिन्नता अशी नैराश्यासारखी लक्षणे दिसतात. आवश्यक तेथे जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणासारख्या मान्य निकषांनुसार निदान केले जाते. ह्या वर्गीकरणाची अकरावी आवृत्ती १ जानेवारी २०२२ पासून अंमलात आली आहे. जीवनमार्गदर्शकाला निदानाचा अधिकारही नसतो व त्यासाठी लागणारे प्रशिक्षणही नसते. समोरील व्यक्ती मानसिक दृष्ट्या सक्षम असून ठरविलेली गोष्ट अंमलात आणू शकते, हे गृहीत धरूनच तो कामाला प्रारंभ करतो. व्यवसायबदल, निवृत्तीनंतरच्या आयुष्याची आखणी, नेतृत्वाची जबाबदारी, वेळेचे नियोजन, सवयींत बदल हे त्याचे नेहमीचे विषय होत. हे गृहीतक जेथे खरे असते, तेथे त्याची पद्धत उपयुक्त ठरते. जेथे ते खोटे असते, तेथे ती निरुपयोगी व प्रसंगी अपायकारकही ठरू शकते.

संबंधाचे स्वरूप : मानसोपचारात उपचारक व रुग्ण ह्यांच्यातील संबंध हाच उपचाराचा एक महत्त्वाचा घटक असतो. रुग्ण आपल्या आयुष्यातील महत्त्वाच्या व्यक्तींविषयीच्या भावना अजाणता उपचारकावर आरोपित करतो. ह्या प्रक्रियेला मनोविश्लेषणात संक्रमण म्हणतात. ती ओळखून हाताळण्याचे शिक्षण उपचारकाला दिलेले असते. रुग्णाच्या असहाय स्थितीचा गैरफायदा घेतला जाऊ नये, म्हणून त्याच्याशी मैत्री, आर्थिक व्यवहार वा अन्य दुहेरी संबंध ठेवण्यावर कडक निर्बंध असतात. जीवनमार्गदर्शनातील संबंध समान भागीदारीचा मानला जातो व त्यात अधिक मोकळीक असते. दूरध्वनीवरून छोट्या भेटी, मधल्या काळातील निरोप, प्रगतीची उजळणी हे त्याचे नित्याचे भाग होत. उद्योगसंस्थांत मार्गदर्शनाचा खर्च बहुधा मालक करतो. अशा वेळी मार्गदर्शक, कर्मचारी व संस्था असा त्रिकोणी करार होतो आणि कर्मचाऱ्याने सांगितलेल्यापैकी कोणती माहिती संस्थेकडे जाणार, हे आरंभीच स्पष्ट करून घेणे अगत्याचे ठरते.

प्रशिक्षण व कायदा : दोन्ही व्यवसायांतील प्रशिक्षणाचे प्रमाण फार भिन्न आहे. इंटरनॅशनल कोचिंग फेडरेशनच्या प्राथमिक श्रेणीसाठी ६० तासांचे शिक्षण व १०० तासांचा अनुभव पुरेसा असतो, तर सर्वोच्च श्रेणीसाठी २०० तासांचे शिक्षण व २,५०० तासांचा अनुभव लागतो. ही प्रमाणपत्रे ऐच्छिक आहेत. त्यांच्यावाचूनही कोणालाही जीवनमार्गदर्शक म्हणून व्यवसाय करता येतो. भारतात मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ ह्यातील व्याख्येनुसार चिकित्सा-मानसशास्त्रज्ञाला भारतीय पुनर्वास परिषदेने मान्य केलेली त्या विषयातील अर्हता किंवा मानसशास्त्रातील पदव्युत्तर पदवी व त्यानंतर दोन वर्षांचा, पर्यवेक्षणाखालील रुग्णालयीन प्रशिक्षणासह पूर्णवेळ अभ्यासक्रम आवश्यक आहे. त्याची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषद अधिनियम, १९९२ खाली होते. राष्ट्रीय सहयोगी व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग अधिनियम, २०२१ च्या परिशिष्टात अन्य मानसशास्त्रज्ञ व काही प्रकारचे समुपदेशक ह्यांचाही समावेश झाला. जीवनमार्गदर्शकांसाठी मात्र भारतात स्वतंत्र कायदा वा सक्तीची नोंदणी नाही. २०१७ च्या अधिनियमाने रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिला असून, मानसिक आजारासाठी शारीरिक आजाराप्रमाणेच विम्याची तरतूद करण्याचे बंधन विमा कंपन्यांवर घातले आहे. जीवनमार्गदर्शन हा उपचार नसल्यामुळे ते ह्या तरतुदींच्या कक्षेत येत नाही.

अन्य देशांतही एकवाक्यता नाही. जर्मनीत १ जानेवारी १९९९ पासून लागू झालेल्या कायद्याने ‘मानसोपचारक’ ह्या पदवीला संरक्षण दिले. ब्रिटनमध्ये ‘चिकित्सा-मानसशास्त्रज्ञ’ ही उपाधी २००९ पासून वैधानिक नोंदणीखाली आहे; परंतु ‘मानसोपचारक’ ही उपाधी तेथे कायद्याने संरक्षित नाही. अमेरिकेच्या कोलोरॅडो राज्यात जीवनमार्गदर्शन हे मानसोपचाराच्या कायदेशीर व्याख्येत मोडते की काय, हा वाद उद्भवला होता. २००४ मध्ये कायद्यानेच मार्गदर्शनाला त्या नियंत्रणातून वगळण्यात आले. व्याख्या व्यापक केली की निरुपद्रवी व्यवसायही बंधनात सापडतो आणि ती संकुचित केली की नाव बदलून उपचार करणाऱ्यांना वाट मोकळी होते, अशी ही अडचण आहे.

परिणामकारकता : हान्स आयझेंक (१९१६–९७) ह्याने १९५२ मध्ये असा आक्षेप घेतला की, मज्जाविकृतीचे सुमारे दोनतृतीयांश रुग्ण उपचार मिळोत वा न मिळोत, दोन वर्षांत सुधारतातच. ह्या आक्षेपामुळे मानसोपचाराच्या कसोशीने चाचण्या घेण्यास चालना मिळाली. मेरी ली स्मिथ व जीन ग्लास ह्यांनी १९७७ मध्ये ३७५ अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण करून, उपचार घेतलेल्या सरासरी व्यक्तीची स्थिती उपचार न घेतलेल्या ७५ टक्के व्यक्तींपेक्षा चांगली असते, असे दाखवून दिले. त्यानंतर नैराश्य, भयगंड, मंत्रचळ इ. विकारांवर कोणती पद्धत किती उपयोगी पडते, ह्याचा विपुल अभ्यास झाला आहे. मार्गदर्शनाविषयीचा पुरावा त्या मानाने अल्प आहे. उद्योगसंस्थांतील मार्गदर्शनाविषयीच्या १८ अभ्यासांचे २०१४ मध्ये जे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध झाले, त्यात कार्यक्षमता, समाधान, ताण सोसण्याची क्षमता व ध्येयाच्या दिशेने आत्मनियमन ह्यांवर अनुकूल परिणाम दिसून आला. ह्या अभ्यासांचे विषय नोकरी करणारे लोक होते. मनोविकारावरील उपचार म्हणून मार्गदर्शनाची उपयुक्तता त्यांवरून सिद्ध होत नाही.

सीमेवरील व्यक्ती : व्यवहारात सर्वांत बिकट प्रश्न येथे उद्भवतो. व्यक्ती स्वतःच्या त्रासाला जे नाव देते, ते बरोबर असतेच असे नाही. मनोविकाराभोवतीच्या सामाजिक कलंकामुळे ‘उपचार’ हा शब्द टाळून ‘मार्गदर्शन’ घेणे पुष्कळांना सोयीचे वाटते. ऑस्ट्रेलियातील संशोधनात, जीवनमार्गदर्शनासाठी स्वेच्छेने आलेल्या व्यक्तींपैकी सुमारे एकचतुर्थांश ते निम्म्या व्यक्तींत वैद्यकीय दृष्ट्या दखल घ्यावी इतका मानसिक क्लेश आढळून आला.

उदाहरणार्थ, कामात मन लागत नाही, आळस वाढला आहे, शिस्त राहिली नाही, अशी तक्रार घेऊन एखादी व्यक्ती मार्गदर्शकाकडे येते. भल्या पहाटे जाग येणे, भूक मंदावणे, पूर्वी आवडणाऱ्या गोष्टींत गोडी न वाटणे व आपण सर्वांना भार झालो आहोत असे वाटणे, ही लक्षणे ती आपण होऊन सांगत नाही. अशी लक्षणे दोन आठवडे वा अधिक काळ, जवळजवळ रोज व दिवसाचा बराच वेळ टिकून राहिल्यास तो आळस नसून नैराश्याचा विकार असण्याचा संभव असतो. अशा व्यक्तीला दर आठवड्याला नवे उद्दिष्ट दिल्यास ते तिच्याने पुरे होत नाही आणि प्रत्येक अपयश तिच्या आत्मदोषाच्या भावनेत भर घालते. बोधात्मक वर्तनोपचारातही अशा रुग्णाला कामे नेमून दिली जातात. परंतु ती विकाराची तीव्रता जोखून, अगदी लहान प्रमाणात आणि आत्महत्येच्या धोक्यावर लक्ष ठेवून दिलेली असतात.

ह्याच्या उलट स्थिती उन्मादाच्या आरंभी दिसते. झोपेची गरज कमी झालेली, उत्साह ओसंडून वाहत असलेला व भव्य योजनांनी भारलेला मनुष्य मार्गदर्शकाला आदर्श विद्यार्थी वाटू शकतो. त्याच्या योजनांना दिलेले उत्तेजन मात्र कर्जबाजारीपणास व कौटुंबिक अनर्थास कारण होऊ शकते. मंत्रचळाच्या रुग्णाला निश्चयाचे वा वेळापत्रकाचे धडे देऊन त्याची वारंवार हात धुण्याची क्रिया थांबत नाही. त्यासाठी भीतिदायक परिस्थितीला क्रमाक्रमाने सामोरे जाऊन ती क्रिया रोखण्याचे शास्त्रशुद्ध उपचार असतात. बालपणातील अत्याचार किंवा भीषण अपघात ह्यांच्या स्मृती पूर्वतयारीशिवाय उकरून काढल्यास रुग्णाची अवस्था बिघडू शकते.

म्हणून आत्महत्येचे वा स्वतःला इजा करण्याचे विचार, भास वा भ्रम, व्यसनाधीनता, झोप व आहार ह्यांतील टिकून राहिलेले बिघाड, नोकरी किंवा संसार चालविण्याची क्षमता खालावणे, ह्यांपैकी काहीही दिसल्यास जीवनमार्गदर्शकाने त्या व्यक्तीला तज्ज्ञाकडे पाठविले पाहिजे. मार्गदर्शकांच्या व्यावसायिक संघटनांच्या आचारसंहितांनाही हेच अभिप्रेत आहे. उलटपक्षी, जीवनातील प्रत्येक संभ्रमाला विकार समजणेही अयोग्य होय. दोन नोकऱ्यांतून एक निवडताना होणारी घालमेल किंवा निवृत्तीनंतर जाणवणारी पोकळी ह्यांसाठी निदानाची आवश्यकता असतेच असे नाही. उपचार पूर्ण झालेल्या व्यक्तीला पुढील आयुष्याची घडी बसविण्यासाठी मार्गदर्शन साहाय्यभूत ठरू शकते. उपचारकाच्या संमतीने दोन्ही एकाच वेळी चालू ठेवणेही शक्य असते.

भारतातील स्थिती : राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात (२०१५–१६) भारतातील प्रौढांपैकी सुमारे १०·६ टक्के लोकांना त्या वेळी मनोविकार असल्याचे आढळले, निरनिराळ्या विकारांच्या बाबतीत ७० ते ९२ टक्के रुग्ण उपचारांपासून वंचित होते. तज्ज्ञांची संख्या अपुरी व ती मुख्यतः शहरांत एकवटलेली असल्याने ही पोकळी मार्गदर्शक, प्रवचनकार व व्यक्तिमत्त्वविकासाचे वर्ग भरून काढू पाहतात. महाराष्ट्रात कि. मो. फडके ह्यांनी एलिसच्या विवेकनिष्ठ उपचारपद्धतीचा प्रसार केला. ठाणे येथे १९९० मध्ये आनंद नाडकर्णी ह्यांच्या पुढाकाराने स्थापन झालेल्या इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ ह्या संस्थेने उपचार व लोकशिक्षण ह्यांची सांगड घातली. केंद्र शासनाने १० ऑक्टोबर २०२२ पासून ‘टेलि-मानस’ ही विनामूल्य दूरध्वनिसेवा सुरू केली असून १४४१६ ह्या क्रमांकावर प्रशिक्षित समुपदेशकांशी संपर्क साधता येतो.

साहाय्य घेऊ इच्छिणाऱ्या व्यक्तीने पहिल्या भेटीतच समोरील व्यक्तीची शैक्षणिक अर्हता, नोंदणी, पर्यवेक्षणाची व्यवस्था, गोपनीयतेच्या मर्यादा आणि विकाराची लक्षणे दिसल्यास ती कोणाकडे पाठविणार, ह्या गोष्टी विचारून घ्याव्यात. योग्य प्रशिक्षण असलेला उपचारक किंवा मार्गदर्शक ह्यांची स्पष्ट उत्तरे देतो. त्रासाचे स्वरूप विकाराचे आहे की सर्वसामान्य अडचणीचे, ह्याविषयी शंका असल्यास प्रथम मनोविकारतज्ज्ञाकडून वा चिकित्सा-मानसशास्त्रज्ञाकडून तपासणी करून घेणे इष्ट असते. कारण विकार नसल्यास अशा तपासणीने फारसे नुकसान होत नाही, परंतु असलेला विकार दुर्लक्षित राहिल्यास उपचाराचा मोलाचा काळ वाया जातो.